जठराग्नीला वाढलेलं ताट

पट्टेरी सूर्यफुलाला अठ्ठावन्न गुण पडले, तेव्हा डॉ. वैजयंती बिराजदारनं पडद्याकडं बघून यंत्राला एक सणसणीत शिवी हासडली. यंत्राला शिव्या कळत नव्हत्या. त्याला फक्त पचवता येत होतं.

यंत्राचं नाव जठराग्नी. लातूरच्या प्रथिनमापन केंद्रात, तळमजल्यावर, ते काचेआड ठेवलेलं होतं. काचेचीच दोन जठरं, त्यांच्या खाली वेटोळी घालून बसवलेली पारदर्शक आतडी आणि त्या आतड्यांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींचं अस्तर. वरच्या नरसाळ्यातून अन्न घालायचं. माणसाच्या पोटात असतं तसंच आम्ल, तसेच पाचक रस, तशीच ऊब. थोड्या वेळानं पडदा सांगायचा, की या अन्नातली किती प्रथिनं खरोखर पचली आणि त्यातली किती वाढत्या लेकराच्या अंगी लागतील. शंभरापैकी गुण. पूर्वी एवढंच कळायला पिंजऱ्यातल्या उंदरांना आठवडेच्या आठवडे पोसावं लागे.

गुणांची चटक लोकांना लागायला वेळ लागला नाही. पिठाच्या पाकिटावर किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत गुण छापून यायला लागले. लग्नाच्या आचाऱ्यांना लोक आधी गुण विचारत आणि मग भाव. पंगतीत ऐंशीच्या खालची भाजी वाढली म्हणून व्याही रुसल्याचं एक प्रकरण तर उमरग्यात अजून मिटलेलं नव्हतं. मग सरकार तरी मागं कसं राहील? शाळेत लेकरांच्या ताटात जे जे पडेल, त्या प्रत्येक जिनसाला स्वतःच्या बळावर पंचाहत्तर गुण हवेत, असा नियम आला.

आता प्रथिनांची गंमत अशी, की ती नुसती भरपूर असून भागत नाही. दाराला तोरण ओवायला बसावं आणि झेंडू संपावा, मग आंब्याची पानं टोपलीभर उरली तरी तोरण तिथंच थांबतं. शरीरही अमिनो आम्लं अशीच ओवत असतं. सूर्यफुलाच्या बियांत मेथिओनिन हवं तेवढं, पण लायसिन कमी. ज्वारीतही लायसिन कमी. तुरीत लायसिन भरपूर, तर मेथिओनिन तोकडं. त्यामुळं एकेकट्यानं परीक्षेला बसवलं, की तिघंही नापास व्हायचे. ज्वारी आणि तूर आधीच नापास झाल्या होत्या. आता पट्टेरीचीही पाळी आली होती.

पास झालं होतं ते धवला. पांढऱ्या बियांचं नवं वाण, लायसिन वाढवलेलं, शहाऐंशी गुणांचं. ते बारा वर्षं राबून तयार केलं होतं संगमेश्वर बिराजदारनं, म्हणजे वैजयंतीच्या नवऱ्यानं. त्यामुळं शिवी नेमकी कुणाला दिली, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

"मॅडम, शेरा काय लिहू?" यंत्र सांभाळणाऱ्या रुकसाना पटेलनं विचारलं.

"वरून आलेल्या मसुद्यात काय आहे?"

रुकसानानं घसा साफ केला. "पट्टेरी वाण मानवी आहारातून वगळून पक्षीखाद्य या वर्गात टाकावं."

वैजयंती उठून उभी राहिली. कोळनूरवाडीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची आई वर्षानुवर्षं हीच पट्टेरी कुटत आली होती. भाकरी आणि वरण गेल्यातच जमा होतं. चटणीही गेली की चूल विझणार, आणि तिच्या जागी येणार धवलाच्या पिठापासून बनवलेल्या 'पूर्णान्न' नावाच्या लगद्याच्या पिशव्या. लेकरांनी पिशवीचा कोपरा फाडायचा आणि चोखायचं. हा निकाल अधिकृत व्हायला फक्त एक गोष्ट बाकी होती. शुक्रवारच्या सुनावणीत नोंदणीकृत शास्त्रज्ञानं यंत्राच्या पडद्यावर उजव्या हाताचा तळवा टेकवायचा होता. तो टेकवला की पट्टेरी बाद. शुक्रवार तसाच टळला, तर येत्या शैक्षणिक वर्षापुरत्या शाळांच्या चुली आहेत तशा चालू राहणार होत्या.

"शेरा कोरा ठेव," ती म्हणाली.

संध्याकाळी संगमेश्वर कंदी पेढे घेऊन घरी आला. तो आणि वैजयंती कृषी महाविद्यालयात एका वर्गात होते, त्यामुळं त्यांच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही.

"शहाऐंशी!" तो दारातूनच ओरडला. "वैजू, शहाऐंशी! आणि हिरवं पडत नाही. सोड्यात भिजव, चुन्यात भिजव, पीठ पांढरं ते पांढरंच."

हे हिरवं पडणं त्याच्या आयुष्याला पुरून उरलेलं प्रकरण होतं. सूर्यफुलाच्या बीत क्लोरोजेनिक आम्ल असतं. एरवी ते निरुपद्रवी. पण सोड्यासारखं काही त्यात मिसळलं आणि वारा लागला, की पीठ हळूहळू शेवाळासारखं हिरवं होतं. विष होत नाही, पण ते आम्ल जाऊन बसतं नेमकं लायसिनच्या मानगुटीवर, आणि आधीच कमी असलेलं लायसिन आणखी कमी पचतं. संगमेश्वरनं ते आम्लच बियांतून जवळजवळ हद्दपार केलं होतं. काम खरोखर नामी होतं आणि वैजयंतीला त्याचा अभिमान होता. तरी तिनं पेढा उचलला नाही.

"पट्टेरीला पक्षीखाद्य म्हणायचं ठरलंय," ती म्हणाली.

"म्हणू देत. नावात काय आहे?"

"नावात माझी आई आहे. त्यात मीही आहे, तूही आहेस. आपण दोघं त्याच चटणीवर वाढलोय. आपण काय पोपट आहोत?"

"अंक मी दिलेला नाही." संगमेश्वरनं पेढ्यांचा पुडा बंद केला. "तुझ्या यंत्रानं दिलाय. आणि ते यंत्र खोटं बोलत नाही, असं तूच सगळ्या परिषदांत सांगत हिंडतेस."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्या रात्री दोघं एकमेकांशी फक्त कुलपाच्या किल्लीपुरतं बोलले.

रविवारी ती कोळनूरवाडीला गेली. सीमेलगतच्या त्या गावात लिंगायतांच्या घरी आईला अव्वा म्हणतात. महानंदा अव्वा शाळेच्या ओसरीत बसून उद्याच्या बिया पाखडत होती. वैजयंतीनं तिला सगळं सांगितलं. पक्षीखाद्य हा शब्द गिळायचा तिनं ठरवलं होतं, पण तो निसटलाच.

अव्वाचं सूप थांबलं. "म्हंजी इतकी वर्सं मी पाखरं जेवू घातली म्हण की."

"अव्वा, मी तसं म्हणत नाही."

"तू न्हाई म्हणत, तुझा हात म्हणनार हाय. शुक्रवारी." अव्वा उठली, हात झटकले आणि आत गेली. "चल, जेव आधी. उपाशी पोटी भांडण नासतंय."

ताटात गरम भाकरी, तुरीचं वरण आणि लसूण-मिरची घालून उखळात कुटलेली पट्टेरीची चटणी आली. वैजयंतीनं भाकरी वरणात मोडली, वर चटणी घेतली, घास तोंडात घातला, आणि तिचा जबडा मधेच थांबला. या एका घासात ज्वारी होती, तूर होती आणि सूर्यफूल होतं. एकाची उणीव दुसरं भरून काढत होतं. पुस्तकात हे तिनं कितीदा शिकवलं होतं! आणि जठराग्नीला तिनं आजवर काय खाऊ घातलं होतं? नुसतं पीठ. नुसती डाळ. नुसत्या बिया. जगातलं कुठलंही लेकरू वाटीभर कोरडी चटणी खाऊन ताटावरून उठत नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला प्रश्नच खुळचट विचारला गेला होता, आणि विचारणारी ती स्वतः होती. तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

"घास तोंडात धरून काय बघायलीस?" अव्वा म्हणाली. "गीळ की."

"अव्वा, शुक्रवारी लातूरला यायचं. स्वयंपाक घेऊन. शाळेत करतेस अगदी तस्सा."

"किती जनांचा?"

"जेवणारा एकच आहे," वैजयंती म्हणाली. "पण तू जास्तच आण."

शुक्रवारी केंद्राच्या तळमजल्यावर बरीच माणसं जमली. शालेय आहाराचे संचालक डॉ. देवस्थळी पुण्याहून आले होते. बोलणं मऊ, कपडे कडक. 'पूर्णान्न'वाले दोघं पिशव्यांचा नमुना घेऊन बसले होते. धवलाचा जन्मदाता म्हणून संगमेश्वरला मानाची खुर्ची मिळाली होती. अव्वा मात्र खुर्चीवर बसली नाही. डबे आणि पातेली घेऊन ती यंत्रासमोर खालीच बसली.

"पट्टेरीचा निकाल नोंदवण्याआधी मला आणखी एक चाचणी करायची आहे," वैजयंती म्हणाली. "आज जठराग्नीला पूर्ण जेवण देऊ."

देवस्थळी हसले. "करा. आम्हालाही गंमत वाटेल. पण नमुना तयार करण्याची पद्धत ठरलेली आहे, तीच वापरा."

ठरलेली पद्धत म्हणजे सगळं एकत्र दळायचं, पाण्यात कालवायचं आणि यंत्र तापेपर्यंत भांड्यात ठेवायचं. रुकसानानं भाकरी, वरण, चटणी मिक्सरमध्ये घातली, फिरवली आणि भांडं झाकून बाजूला ठेवलं. चहा झाला. झाकण काढलं, तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. आत गडद हिरवा लगदा झाला होता.

तो यंत्रात गेला. यथावकाश पडद्यावर आकडा उमटला. एकोणपन्नास. नुसत्या बियांहूनही कमी. 'पूर्णान्न'वाल्यांना हसू लपवता येईना, आणि त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही. वैजयंतीचे कान तापले. हिरवं म्हणजे काय, हे ओळखायला तिला कुणाची गरज नव्हती. तिनं आईकडं पाहिलं.

"अव्वा, वरणात काय घातलंस?"

"सोडा," अव्वा ठणकावून म्हणाली. "आमच्या बोअरचं पानी जड हाय. चिमूटभर सोडा घातल्याबगर तूर शिजतच न्हाई, दडदडीत ऱ्हाती. तूच म्हनलीस ना, शाळंत करतीस तस्सं कर?"

खोलीत हशा पिकला. देवस्थळींनी हात वर करून तो थांबवला. "झालं तर मग. उलट मुलांना तुम्ही रोज हेच घालत होता, हे कळलं. डॉक्टर, तळवा टेकवा."

शाळेतल्या ताटात इतकी वर्षं हिरवं काही दिसलं नव्हतं. वैजयंती ते ताट डोळ्यांपुढं आणायला लागली, आणि तेवढ्यात मानाच्या खुर्चीतून आवाज आला.

"हिरवं पडायला वेळ लागतो."

संगमेश्वर उभा राहिला होता. त्यानं बायकोकडं बघितलं नाही. तो पडद्यावरच्या एकोणपन्नासकडं बघत होता, जणू तो आकडा त्याच्याच अंगाला चिकटला होता. "दळून, वारा खेळवून, भांड्यात मुरत ठेवलंत तर हिरवं पडणारच. ताटात वरण आणि चटणी भेटतात फक्त घासात. घास लगेच पोटात जातो आणि पोटात आम्ल असतं. तिथं सोड्याचं काही चालत नाही. माझी बारा वर्षं या हिरव्यात गेलीत. एवढं मला कळतं."

"म्हणजे यंत्राला घास भरवायचे?" देवस्थळींनी थट्टेनं विचारलं.

"हो," वैजयंती म्हणाली. "घासच भरवायचे."

तिनं यंत्रातला हिरवा लगदा काढून टाकला, नळ्या धुवून घेतल्या आणि हातमोजे चढवले. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, वर चटणी घेतली, खलात दातांनी चावावं इतपत रगडला आणि नरसाळ्यात सोडला. दुसरा घास. तिसरा. तिची धांदल उडत होती. वरण मनगटावर ओघळलं.

"सरक," अव्वा म्हणाली. "तुला लेकरं भरवायची सवय न्हाई." तिनं हात धुतले, रुकसानानं पुढं केलेले मोजे नाखुशीनं चढवले आणि काचेच्या त्या पोटाला अशा सफाईनं जेवू घालायला लागली, की हसणारे गप्प झाले.

यंत्राचं दुसरं जठर रिकामंच होतं. संगमेश्वर पुढं आला आणि खिशातली धवलाची पुरचुंडी काढून वैजयंतीपुढं धरली. "दुसऱ्यात हिची चटणी घाल. बाकी सगळं तेच. बघू तरी."

"संगम, नंतर तोंड पाडून बसशील."

"बघू म्हटलं ना."

रुकसानानं पांढऱ्या बिया भाजल्या आणि लसूण-मिरचीत कुटल्या. दोन्ही जठरं शेजारी शेजारी जेवली. मग वाट बघणं आलं. आकडा कमी आला तर वैजयंतीची नोकरी, नाव, आईपुढं दाखवायचं तोंड, सगळंच गेलं असतं. ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आधी पट्टेरीच्या ताटाचा आकडा आला. एक्क्याऐंशी. रुकसानानं चक्क टाळी वाजवली. पाठोपाठ धवलाच्या ताटाचा आला. त्र्याऐंशी.

वैजयंतीनं संगमेश्वरकडं पाहिलं. एकट्यानं परीक्षेला बसवलं तेव्हा दोन वाणांत केवढी दरी होती, आणि ताटात वाढल्यावर उरला होता दोन गुणांचा फरक. बारा वर्षं आणि दोन गुण. त्याचा चेहरा उतरला. तिला आनंद झाला होता आणि त्याच्यासाठी जीवही तुटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी होत होतं.

देवस्थळींनी चष्मा पुसला. "फार सुंदर प्रयोग. याच्यावर निबंध लिहा. मात्र नियमात ताट नाही. एक नमुना, एक जिन्नस. पट्टेरीचे अठ्ठावन्न कायम आहेत. तळवा टेकवा, म्हणजे आपण मोकळे."

"नाही टेकवत," वैजयंती म्हणाली.

"काय?"

"अठ्ठावन्न खरे आहेत. एकोणपन्नासही खरे आहेत, तेही लिहा, आणि आजपासून माझ्या आईला वरणासाठी गोडं पाणी द्या. एक्क्याऐंशीही खरे आहेत. तिन्ही आकडे मी जाहीर करीन. पण लेकरं काय खातात हे न बघता, ती जे खात नाहीत त्यावरून त्यांची चूल विझवणाऱ्या कागदावर माझा हात पडणार नाही."

"तुम्हाला निलंबित करावं लागेल."

"करा."

"ठीक आहे." देवस्थळींचा आवाज अजूनही मऊच होता. "तळवा तुमचाच हवा असं नाही. माझा हात यंत्रात नोंदलेला नाही, पण नोंदणीकृत शास्त्रज्ञ या खोलीत आणखी एक आहेत. डॉ. संगमेश्वर, या. निकाल तुमच्याच वाणाच्या बाजूचा आहे. येत्या वर्षापासून राज्यातल्या प्रत्येक शाळेत धवला. बारा वर्षांचं चीज होईल."

त्याला अडवायचं तरी वैजयंतीनं कुठल्या तोंडानं? त्याचं सगळं आयुष्य त्या पांढऱ्या बियांत गेलं होतं आणि तिनंच ते आत्ता सगळ्यांदेखत दोन गुणांवर आणून ठेवलं होतं.

संगमेश्वर यंत्रापाशी गेला. पडदा उजळला आणि त्यावर रिकाम्या तळव्याची आकृती आली. तो क्षणभर त्या आकृतीसमोर थांबला. मग खाली वाकला, पँट सावरत सासूसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अव्वा, ताट वाढा."

अव्वानं ताट वाढलं. संगमेश्वरनं भाकरी मोडली, उजव्या हातानं वरणात पाचही बोटं घालून कुस्करली, चटणी कालवली आणि पहिला घास घेतला.

"डॉ. संगमेश्वर!" देवस्थळींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तळवा!"

त्यानं वरणानं माखलेला हात वर करून दाखवला. "खरकटा आहे, साहेब."

"मग धुवून या!"

"भरलं ताट टाकून उठत नाहीत," तो म्हणाला आणि वैजयंतीकडं बघून, डोळ्यांत पाणी असताना, हसला. "मिरची जरा जास्त झालीय."

वैजयंतीनं हातमोजे काढून टाकले. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्याच ताटात हात घातला. एवढं दुःख आणि एवढं सुख तिला एकत्र कधी झालं नव्हतं. रुकसानाही ओढणी सावरत खाली बसली. बाहेरचे दोन शिपाई आत डोकावले, तेही बसले. अव्वा भाकऱ्या मोडत, वाढत फिरत होती. पडद्यावरची तळव्याची आकृती वाट बघत तशीच उजळलेली होती आणि शुक्रवारची कचेरी सुटायची वेळ जवळ येत होती.

अव्वा पातेलं घेऊन देवस्थळींच्या पुढ्यात थांबली.

"साहेब, तुमी बी बसा," ती म्हणाली. "लाजू नगा. पाखरांचंच हाय, पन गोड लागतंय."

देवस्थळी बसले नाहीत. बाकीचे सगळे बसले.